वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या भाषेतला चित्रपट, दुसरे आयुष्य

युरोपीय चित्रपट आणि त्यांच्या इंग्रजी पुनर्निर्मिती यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत. शेवट सांगितल्यावाचून या चित्रपटांविषयी नीट बोलता येत नाही, तेव्हा ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी चित्रपट पाहावेत आणि मग हा मजकूर वाचावा, ही विनंती.

प्रश्न : *आलेहांद्रो आमेनाबार यांचा 'आब्रे लॉस ओहोस' (१९९७) हा स्पॅनिश चित्रपट आणि त्यावरून कॅमेरॉन क्रो यांनी केलेला 'व्हॅनिला स्काय' (२००१) मी लागोपाठच्या दोन रात्री पाहिले. कथा तीच, प्रसंगांचा क्रम जवळपास तोच, इतकेच काय, सोफियाच्या भूमिकेतली पेनेलोपे क्रुझही तीच. तरी पहिल्याने माझी झोप उडवली आणि दुसऱ्याने मला दिलासा दिला. मूळ कलाकृतीकडे मी आधीच झुकलेलो होतो, म्हणून असे झाले असेल का?*

उत्तर : मूळ कृतीकडे कल असता, तर दुसरा चित्रपट पाहताना आपली चिडचिड झाली असती. आपल्याला दिलासा मिळाला, यावरूनच आपण दोन्ही चित्रपट मोकळ्या मनाने पाहिले हे दिसते. दोन्हींमधला फरक खरोखरच आहे आणि तो आपल्याला बरोबर जाणवला आहे.

दोन्हींची कथा थोडक्यात अशी. एका देखण्या, श्रीमंत, पोरक्या तरुणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणाविषयी तरी मनापासून ओढ वाटते. त्याच रात्रीनंतरच्या सकाळी, त्याने दूर सारलेली दुसरी स्त्री त्याला आपल्या गाडीत बसवते आणि गाडी रस्त्याबाहेर घालते. ती मरते, तो विद्रूप चेहरा घेऊन जगतो. पुढे सोफियाही त्याला टाळते आणि तो दारू पिऊन रात्री फुटपाथवर पडून राहतो. सकाळी सोफिया येते, त्याला उठवते, 'डोळे उघड' म्हणते, आणि तिथून सगळे सुरळीत होऊ लागते. प्रेम परत मिळते, चेहराही परत मिळतो. मग हळूहळू सगळे बिघडत जाते. अखेरीस कळते की फुटपाथवरच्या त्या सकाळपासून आपण जे पाहिले ते त्याचे विकत घेतलेले स्वप्न होते. त्याने एका कंपनीशी करार करून मृत्यूनंतर स्वतःचे शरीर गोठवून घेतले होते, त्याला दीडशे वर्षे लोटली आहेत, आणि त्या करारातच अशी सोय होती की खरे आयुष्य जिथे असह्य झाले तिथे ते कापून पुढे स्वप्न जोडायचे.

या जोडाच्या जागी दोन्ही दिग्दर्शक काय करतात, ते पुन्हा एकदा पाहावे. आमेनाबार तिथे काहीच करत नाहीत. सकाळ होते आणि मुलगी येते, इतकेच. प्रेक्षक म्हणून आपण त्या माणसाइतकेच फसतो, कारण सांधा दिसतच नाही. क्रो मात्र त्याच क्षणी वरचे आकाश बदलतात. ते क्लोद मोने यांच्या चित्रातल्यासारखे, मलईच्या रंगाचे होते. ते चित्र नायकाच्या आईचे असते आणि चित्रपटाचे नावही तिथूनच आले आहे. म्हणजे सांधा दिसावा अशा बेताने त्यांनी तो घातला आहे. पहिल्यांदा पाहताना तो आपल्या लक्षात येत नाही, पण उलगडा झाल्यावर आपण मागे वळून म्हणू शकतो, 'हो, आकाश बदलले होते खरे.' आपल्याला मिळालेला दिलासा बराचसा इथला आहे. स्वप्न आणि जागेपण यांच्यामध्ये निदान एक खूण आहे, असे क्रो आपल्याला सांगतात. आमेनाबार तेवढीही खूण देत नाहीत.

निर्मनुष्य रस्त्याचा प्रसंगही असाच शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. माद्रिदमध्ये नायक सकाळी गाडी घेऊन निघतो आणि ग्रान बिया या शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यावर येतो, तर तिथे एकही माणूस नाही. तो गाडीतून उतरतो आणि पळू लागतो. दोन्ही बाजूंना नुसत्या इमारती, बाकी शांतता. न्यूयॉर्कमध्ये हाच प्रसंग टाइम्स स्क्वेअरवर घडतो. तो चौक चित्रीकरणासाठी खरोखरच रिकामा करून घेतला होता, संगणकावर माणसे पुसलेली नाहीत. पण तिथे शांतता नाही. पाहायला कुणी उरलेले नसतानाही मोठमोठे पडदे चालूच आहेत, जाहिराती झळकतच आहेत. एका शहरात माणसे गेल्यावर शहर मुके होते, दुसऱ्यात माणसे गेली तरी विक्री थांबत नाही. माझ्या मते क्रो यांनी मूळ चित्रपटात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे आणि ती एकाही संवादाविना आहे.

याच धाग्याने पुढे गेले की 'व्हॅनिला स्काय'ची खरी ताकद हाती लागते. स्वप्नातला नायक आणि सोफिया हिवाळ्यात रस्त्यावरून बिलगून चालत जातात, ते दृश्य बॉब डिलन यांच्या १९६३ सालच्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरून जसेच्या तसे उचललेले आहे. तुरुंगात भेटणारा प्रेमळ मानसोपचारतज्ज्ञ एका जुन्या अमेरिकी चित्रपटातल्या आदर्श पित्यावरून घडवलेला आहे. म्हणजे या माणसाला दुसरे आयुष्य हवे होते, पण ते कसे असावे हे ठरवताना त्याच्यापाशी स्वतःचे असे काही नव्हते, म्हणून मुद्रिकांची वेष्टने, चित्रपट आणि आईच्या खोलीतले एक चित्र यांतून त्याने ते जुळवले. मूळ चित्रपटात हा विचार नाही. तिथे प्रश्न अधिक भेदक आहे आणि अधिक थंड आहे: मी जागा आहे हे मला कळणार तरी कसे?

दोन्हीकडे गच्चीवरचा शेवट येतो. मानसोपचारतज्ज्ञाला कळते की आपण दुसऱ्याच्या स्वप्नातले पात्र आहोत, आणि तो ते मान्य करायला तयार होत नाही. मला दोन्ही चित्रपटांत सगळ्यांत जास्त गलबलून येते ते इथेच, कारण नायकाला निदान निवडीचा हक्क आहे, या बिचाऱ्याला तोही नाही. नायक जागे होण्यासाठी खाली उडी घेतो. आमेनाबार पडदा काळा करतात आणि त्या काळोखात एका स्त्रीचा आवाज त्याला डोळे उघडायला सांगतो. डोळे उघडले की नाहीत, हे आपल्याला दिसत नाही. क्रो यांच्या चित्रपटात तोच आवाज येतो आणि पडदाभर एक डोळा उघडतो. आपली झोप उडाली आणि नंतर आपल्याला दिलासा मिळाला, त्यातले अंतर या एका उघडलेल्या डोळ्याएवढे आहे.

प्रश्न : *मूळ चित्रपट उपशीर्षकांसह दाखवणे सोपे आणि स्वस्त असताना तोच चित्रपट इंग्रजीत पुन्हा का करतात? यामागे केवळ पैसा आहे का?*

उत्तर : पैसा आहेच. जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स या देशांत परकीय चित्रपटाला स्थानिक आवाज देण्याची पद्धत रुळलेली आहे. अमेरिकेत ती रुजली नाही आणि पडद्यावरची अक्षरे वाचत चित्रपट पाहणारा प्रेक्षकही तिथे थोडाच राहिला. त्यामुळे युरोपात चाललेल्या कथेचे हक्क घेऊन, ओळखीचे नट घालून ती पुन्हा करणे निर्मात्यांना फायद्याचे वाटते. बोलपटाच्या आरंभी तर याच्या उलट दिशेनेही काम चाले. १९३० मध्ये पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळ जोइंव्हिल येथे स्टुडिओ चालवून एकाच कथेच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या काढल्या, आणि युनिव्हर्सलने १९३१ चा 'ड्रॅक्युला' दिवसा इंग्रजीत व रात्री त्याच नेपथ्यावर दुसऱ्या नटांना घेऊन स्पॅनिशमध्ये चित्रित केला.

मात्र केवळ पैशाचा हिशेब मांडून थांबलो, तर एक मजेची गोष्ट नजरेतून सुटते. भाषा बदलली की पात्राच्या स्वप्नाची दिशाही बदलावी लागते. ज्यां-ल्युक गोदार यांच्या 'आ बू द सुफ्ल' (१९६०) मधला पॅरिसचा भुरटा चोर चित्रपटगृहाबाहेर हम्फ्री बोगार्ट या अमेरिकी नटाच्या छायाचित्रापुढे उभा राहतो आणि त्याच्यासारखा अंगठा ओठांवरून फिरवतो. त्याच्या मनातले आयुष्य अमेरिकी आहे आणि त्याची प्रेयसी ही शाँझ एलिझेवर वर्तमानपत्र विकणारी अमेरिकी तरुणी आहे. १९८३ मध्ये जिम मॅकब्राइड यांनी हीच कथा 'ब्रेथलेस' म्हणून लॉस एंजलिसला नेली, तेव्हा चोर अमेरिकी झाला आणि मुलगी फ्रान्सहून शिकायला आलेली झाली. आता अमेरिकेतच जन्मलेल्या माणसाने अमेरिकेचे स्वप्न कसे पाहायचे? तो चित्रकथांतला अवकाशवीर आणि पूर्वीच्या पिढीतले रॉक अँड रोल यांचा आधार घेतो, आणि पळून जायचे ठिकाण इटलीऐवजी मेक्सिको होते. ही दिशा बदलताना जो नुसता पत्ता बदलतो त्याचा चित्रपट फसतो, आणि हे पात्र जिथे उभे आहे तिथून त्याला दूरचे काय दिसत असेल, असा विचार जो करतो त्याचा निदान पाहण्याजोगा होतो.

शेवट बदलण्याचा मोह हा वेगळा विषय आहे. जॉर्ज स्लायझर यांनी 'स्पोर्लोस' (१९८८) हा आपलाच डच चित्रपट १९९३ मध्ये इंग्रजीत केला. मूळ चित्रपटात नायक जिवंत गाडला जातो, इंग्रजीत तो सुटतो. कथेचे सगळे बळ त्या एका शेवटात होते आणि तेच तिथे गेले.

प्रश्न : *'सिटी ऑफ एंजल्स' पाहून मी ढसाढसा रडले. माझ्या मैत्रिणीचे म्हणणे असे की, ज्याच्यावरून हा चित्रपट केला तो विम वेंडर्स यांचा जर्मन चित्रपट पाहिल्यावर मला या रडण्याची लाज वाटेल. मी तो पाहिला. लाज वाटली नाही, पण रडूही आले नाही. माझे काही चुकते आहे का?*

उत्तर : काहीही चुकत नाही. एका चित्रपटाने रडवले आणि दुसऱ्याने रडवले नाही, एवढ्यावरून दोन्हींची प्रतवारी लागत नाही. या दोन चित्रपटांतले देवदूत मुळात वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

वेंडर्स यांचा 'डेर हिमेल उबर बर्लिन' १९८७ चा आहे. बर्लिनची भिंत तेव्हा उभी होती आणि ती पडायला दोन वर्षे अवकाश होता. देवदूत शहरभर हिंडतात, माणसांच्या मनातले पुटपुटणे ऐकतात. ग्रंथालयात वाचणाऱ्यांच्या खांद्याशी उभे राहतात. त्यांच्या नजरेतले जग कृष्णधवल आहे, माणसांचे तेवढे रंगीत. छायालेखक आंरी आलकाँ तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. त्या कृष्णधवल दृश्यांना मऊपणा यावा म्हणून त्यांनी आजीच्या जुन्या मोज्याचे कापड भिंगावर लावले, असे सांगतात.

दामिएल या देवदूताला माणूस व्हावेसे वाटते. तो एका कसरतपटू स्त्रीच्या प्रेमात पडतो, हे खरे. पण त्याची ओढ त्याआधीची आहे आणि ती फार बारीकसारीक गोष्टींची आहे. रस्त्याकडेच्या कॉफीच्या गाड्यापाशी अमेरिकी नट पीटर फॉक उभा असतो. तो चित्रपटात स्वतःचीच भूमिका करतो आणि तोही पूर्वी देवदूत होता, हे पुढे कळते. त्याला दामिएल दिसत नाही, पण तो तिथे आहे हे त्याला जाणवते. रिकाम्या हवेकडे पाहून तो बोलू लागतो. थंडी आहे, कॉफी गरम आहे, हात गारठले की एकमेकांवर चोळायचे, त्याने किती बरे वाटते, असे काहीबाही सांगतो आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो. पुढे दामिएल माणूस होतो. त्याच्या डोक्यावर त्याचे जुने चिलखत आदळते, रक्त येते, तो बोटाने ते चाखून पाहतो आणि पहिल्याच भेटलेल्या माणसाला भिंतीवरच्या रंगांची नावे विचारतो. त्याला हवे असलेले दुसरे आयुष्य म्हणजे आपण आत्ता जगतो आहोत तेच. ते रडवणारे नाही. ते पाहून आपण थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत बसतो.

ब्रॅड सिल्बरलिंग यांच्या 'सिटी ऑफ एंजल्स'ने (१९९८) या विस्तारातून एकच धागा निवडला, तो प्रेमाचा. भिंत गेली, युद्धाच्या आठवणी गेल्या, सर्कस गेली. कसरतपटूच्या जागी हृदयशस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आली, आणि हा बदल विचारपूर्वक केलेला आहे, कारण माणसाचा जीव हातातून निसटताना ती रोज पाहते. देवदूत तिला नासपतीची चव कशी असते असे विचारतो, तो प्रसंग मूळ चित्रपटाच्या वृत्तीशी इमान राखणारा आहे. पुढे तो तिच्यासाठी अमरत्व सोडतो आणि दुसऱ्याच दिवशी सायकलवरून येताना तिला मालमोटारीची धडक बसून ती मरते. इथे आपण रडलात. रडावे असाच तो प्रसंग आहे, कारण ज्या एका माणसासाठी हे आयुष्य मागून घेतले तेच गेले, आणि आयुष्य मात्र उरले.

माझे मत विचाराल तर वेंडर्स यांचा चित्रपट मला फार मोठा वाटतो. तिथे प्रेमाच्या माणसाला मरावे लागत नाही, तरीही नश्वर असण्याची किंमत आणि गोडी दोन्ही कळतात. इंग्रजी चित्रपटाला तेच सांगण्यासाठी एक मृत्यू लागतो. पण शेवटी त्याचा देवदूत समुद्राच्या लाटांत झोकून देतो आणि हसतो, तेव्हा तोही मूळच्या जागी परत आलेला असतो. आपल्या मैत्रिणीला एवढे जरूर सांगावे.

प्रश्न : *पुनर्निर्मिती मूळ चित्रपटापेक्षा सरस ठरली, असे एखादे तरी उदाहरण आहे का?*

उत्तर : आहे. एरिक लार्तिगो यांच्या 'ला फामिय बेलिए' (२०१४) या फ्रेंच चित्रपटात शेतकरी कुटुंबातली एकटी ऐकू येणारी मुलगी गाणे शिकायला घर सोडू पाहते. शान हेडर यांनी २०२१ मध्ये 'कोडा' या नावाने तो अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या मासेमारांमध्ये नेला. फ्रेंच चित्रपटात बधिर आईवडिलांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या होत्या, आणि त्यावर तेव्हाच आक्षेप घेतला गेला होता. हेडर यांनी आई, वडील आणि भाऊ या तिन्ही भूमिका बधिर कलावंतांना दिल्या. वडिलांचे काम करणाऱ्या ट्रॉय कोत्सूर यांना ऑस्कर मिळाले, चित्रपटालाही मिळाले.

मुलगी गात असताना आवाज बंद करून आपल्याला आईवडिलांच्या जागी बसवण्याची कल्पना मूळ फ्रेंच चित्रपटातलीच आहे, आणि वडील मुलीच्या गळ्याला हात लावून गाणे जाणून घेतात तो प्रसंगही. पण 'कोडा'मध्ये तो हात ठेवणाऱ्या माणसाने ती शांतता आयुष्यभर जगलेली आहे. बोटांचा दाब, गळ्यावर किंचित सरकणारी जागा, चेहऱ्यावर येणारी एकाग्रता यांत काही शिकून केलेले उरत नाही. मुलीला दुसरे आयुष्य हवे आहे आणि त्या आयुष्यात वडिलांना शिरता येणार नाही, हे दोघांनाही त्याच क्षणी कळते.

प्रश्न : *माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. संसार चांगला आहे, नोकरीत समाधान आहे. तरी असे चित्रपट पाहिल्यावर रात्री उशिरापर्यंत मी मनातल्या मनात दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच नावाने राहते. घरच्यांशी ही प्रतारणा तर नाही ना, असे वाटून अपराधी वाटते. आपले मत हवे आहे.*

उत्तर : ही प्रतारणा आहे असे मला वाटत नाही. आपण ज्यांच्यासाठी दिवसभर असता, त्यांच्याच घरात राहून रात्री तासभर दुसरीकडे जाता आणि सकाळी परत येता. हा प्रश्न आपल्या एकटीचा नाही आणि चित्रपटांनाही तो नवा नाही, म्हणून त्यांच्याच आधाराने उत्तर देते.

'इंटरमेझो' हा गुस्ताफ मोलांडर यांचा स्वीडिश चित्रपट १९३६ चा. एक विवाहित, प्रसिद्ध व्हायोलिनवादक आपल्या मुलीला पियानो शिकवणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो, घर सोडून तिच्यासह दौऱ्यावर जातो आणि अखेर घरी परततो. इंटरमेझो म्हणजे दोन मोठ्या भागांमधला छोटा वादनाचा तुकडा. दुसरे आयुष्य किती काळाचे, हे शीर्षकातच सांगून टाकलेले आहे. ती तरुणी इन्ग्रिड बर्गमन यांनी केली. अमेरिकी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी चित्रपटाचे हक्क घेतले आणि बर्गमन यांनाही बोलावून घेतले. १९३९ च्या इंग्रजी आवृत्तीत त्यांनी तीच भूमिका पुन्हा केली. मधल्या तीन वर्षांत त्यांचे लग्न झाले होते, मुलगी झाली होती, आणि त्या तान्ह्या मुलीला मायदेशी ठेवून त्या चित्रीकरणाला आल्या होत्या. पहिल्या वेळी दुसऱ्याच्या संसारात पाऊल टाकणारी मुलगी त्यांनी कल्पनेने उभी केली होती. दुसऱ्या वेळी संसार म्हणजे काय, तो मागे ठेवून येणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. दोन्ही चित्रपट आपण एकापाठोपाठ पाहावेत आणि ती त्या कुटुंबापासून दूर व्हायचे ठरवते तेव्हाचा तिचा चेहरा दोन्हीकडे पाहावा.

दुसरे नाव फेडेरिको फेलिनी यांच्या 'ले नोत्ती दी काबिरिया'चे (१९५७). रोमच्या वेशीवर राहणारी, देहविक्रय करून जगणारी काबिरिया एका संध्याकाळी स्वस्तातल्या नाट्यगृहात शिरते. रंगमंचावरचा संमोहनकार तिला वर बोलावतो, झोपवतो आणि ऑस्कर नावाचा एक सज्जन मनुष्य तुझ्यावर प्रेम करतो आहे, असे सांगतो. जुलिएत्ता मासिना यांनी तो प्रसंग असा केला आहे की तिचे वय आपल्या डोळ्यांदेखत उतरत जाते. ती अठरा वर्षांची होते, नसलेली फुले वेचते आणि नसलेल्या माणसाला विचारते की, तुमचे माझ्यावर खरेच प्रेम आहे ना, तुम्ही मला फसवत तर नाही ना? मग जाग येते आणि सभागृह हसत असते. तिथेच बसलेला एकजण हे स्वप्न ऐकतो आणि पुढे त्याच्याच आधाराने तिला लुबाडतो.

या कथेवरून आधी संगीतिका झाली आणि १९६९ मध्ये बॉब फॉसी यांचा 'स्वीट चॅरिटी' हा चित्रपट आला. त्यात संमोहनाचा प्रसंग नाही. नायिकेला तिचा ऑस्कर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये भेटतो आणि तो तिला लुटत नाही, तिचा भूतकाळ सहन होत नाही म्हणून फक्त सोडून जातो. सुखान्त हवा असा आग्रह होण्याच्या शक्यतेने फॉसी यांनी तसाही एक शेवट चित्रित करून ठेवला होता, पण वापरला दुःखाचाच. शर्ली मॅक्लेन यांचे काम त्यात उत्तम आहे, नृत्ये तर अप्रतिम आहेत. तरी मला चुकल्यासारखे वाटते ते त्या रंगमंचाच्या अभावी. लिफ्टमध्ये माणूस भेटतो, पण तिला मनातून काय हवे होते हे आपल्याला ऐकायला मिळत नाही.

आपण संमोहनाचा तो प्रसंग एकदा रात्री एकटीने पाहावा. काबिरियाला सगळे आयुष्य बदलून घेण्याची मुभा मिळते, तेव्हा ती राजवाडा मागत नाही, नाव बदलून मागत नाही. फुले वेचून झाल्यावर ती एवढेच विचारते की, तुम्ही खरे बोलता आहात ना. आपल्या त्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने राहताना आपण कुणाला काय विचारता, हे आपल्याला ठाऊक असेल; ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी कान देऊन ऐकावे. मला कळवण्याची आवश्यकता नाही, घरच्यांना मात्र सांगावेसे वाटले तर सांगावे. कुणी सांगावे, त्यांच्यापैकी कुणाचे तरी त्याच गावात घर असेल.